संत्र्याचा रस आणि दोन देशांचे परावलंबन



परदेशातून माल आणतो तो देश परावलंबी आणि परदेशी माल पाठवितो तो स्वावलंबी, अशी एक समजूत आपल्या मनात घट्ट बसलेली असते. घरातल्या व्यवहारावरून आपण ती उचललेली आहे. उसने आणणारा दुबळा, उसने देणारा सबळ. वर्तमानपत्रेही आयात-निर्यातीचे आकडे परीक्षेच्या निकालासारखे छापतात. निर्यात वाढली की पास, आयात वाढली की नापास. पुष्कळ वर्षे आम्हीही असेच मानीत होतो. ही समजूत अगदीच खोटी नाही, पण अपुरी आहे. आणि ती किती अपुरी आहे हे संत्र्यासारख्या साध्या फळावरून जितके स्पष्ट दिसते तितके लोखंडावरून किंवा तेलावरून दिसत नाही.

आमचा धंदा कामगार संघटनेचा. अर्थशास्त्राची पुस्तके आम्ही उशिरा वाचली, आणि तीही कोणाच्या शिकवणीवाचून. पण एक गोष्ट धंद्याने आधीच शिकविली होती. संपाची नोटीस देण्यापूर्वी शहाणा कार्यकर्ता मालकाला नफा किती झाला हे आधी विचारीत नाही. गोदामात माल किती दिवसांचा पडून आहे ते विचारतो. माल तीन दिवसांचा असला तर चौथ्या दिवशी बोलणी सुरू होतात. तीन महिन्यांचा असला तर आपलीच माणसे तिसऱ्या आठवड्यात, वाण्याची उधारी बंद झाली म्हणून, खाली मान घालून कामावर परततात. गरज दोन्ही बाजूंना असते. पण थांबता कोणाला किती येते, हे पाहिल्याशिवाय कोण कोणावर अवलंबून आहे ते कळत नाही. देशादेशांच्या व्यापारालाही हीच कसोटी लावून पाहू.

आता या फळाला थांबता येत नाही. आंबा काढून अढीत घातला म्हणजे पिकतो; संत्रे झाडावरून उतरले की त्यानंतर गोड होत नाही, फक्त उतरत जाते. झाडावर ते काही आठवडे धीर धरते, पण तोडल्यावर त्याचे दिवस मोजलेले असतात. येथे एक खुलासा केला पाहिजे. आपण ज्याला संत्रे म्हणतो ते सुट्या सालीचे, हाताने सोलायचे फळ. अमेरिकेत किंवा ब्राझीलमध्ये ज्याच्या बागाच्या बागा आहेत ते फळ आपल्या मोसंबीच्या कुळातले, घट्ट सालीचे आणि मुख्यतः रसाचे. बोलण्याच्या सोयीसाठी आम्ही दोघांनाही संत्रेच म्हणणार आहोत.

या सर्व कुळाचे माहेर हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी, म्हणजे आसाम, उत्तर ब्रह्मदेश आणि युनान या पट्ट्यात असल्याचे शास्त्रज्ञ सांगतात. तेथून ते अरबांच्या आणि पोर्तुगीजांच्या हातांनी पश्चिमेस गेले. कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत ते अटलांटिकपलीकडे नेले, आणि पुढे स्पॅनिश लोकांबरोबर ते फ्लोरिडात पोहोचले. अमेरिकेच्या आग्नेय टोकाचे हे उष्ण, वाळूच्या जमिनीचे राज्य संत्र्याला मानवले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे वर्षाला पन्नास लाखांहून अधिक पेट्या निघू लागल्या. मग १८९४ च्या डिसेंबरात आणि १८९५ च्या फेब्रुवारीत, अशी लागोपाठ दोनदा गोठविणारी थंडी पडली. पहिल्या थंडीत फळ गेले. झाडांनी नवा पाला धरला तेव्हाच दुसरी आली आणि झाडेच फुटली. पीक दीड लाख पेट्यांच्या आत आले, आणि पूर्वीची पातळी गाठायला सुमारे पंधरा वर्षे लागली. थंडीची ही भीती ध्यानात ठेवावी. पुढची सारी कथा तिच्यातूनच निघते.

दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना 'क' जीवनसत्त्व पुरवायचे होते. आटवलेला रस होता, पण त्याला शिजल्यासारखी चव येई. फ्लोरिडातील तीन शास्त्रज्ञांनी युक्ती काढली ती आपल्या गृहिणींना लगेच समजेल अशी आहे. रस कमी उष्णतेवर, निर्वातात, गरजेपेक्षा अधिक आटवायचा, मग त्यात थोडा ताजा रस परत घालायचा आणि गोठवायचा. ताज्या रसाबरोबर गेलेला वास परत येतो. १९४८ साली या कृतीचे पेटंट मिळाले, आणि ते अमेरिकी सरकारच्या नावे करून सर्वांना खुले ठेवण्यात आले. (असे औदार्य सरकारी शास्त्रज्ञांनी दाखविले की त्याचा लाभ कोणाला होतो, हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.) लोकांच्या घरी शीतकपाटे आली, डब्यातला गोळा पाण्यात विरघळवून सकाळी रस पिण्याची सवय लागली, आणि १९६० साली कोका-कोला कंपनीने या रसाचा सर्वांत मोठा छाप विकत घेतला.

या युक्तीने फळाच्या स्वभावातच बदल केला. जे फळ थांबू शकत नव्हते ते आता थांबू लागले. आटवलेला रस गोठवून ठेवला तर वर्ष-दोन वर्षे टिकतो, आणि मूळ रसाच्या सहाव्या हिश्श्याइतकी जागा घेतो. पण थांबण्याची ही शक्ती मिळाली कोणाला, ते पाहा. बागाइतदाराला नाही, त्याचे फळ पूर्वीसारखेच झाडावर असते. तोडणाऱ्या मजुराला तर नाहीच. ती मिळाली ज्याच्याजवळ आटविण्याची भांडी आणि शीतगृह होते त्याला. १९६६ पासून तर न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात या गोठलेल्या रसाचे वायदे होऊ लागले. ज्यांनी संत्र्याचे झाड कधी पाहिले नाही तेही संत्र्यावर पैसे लावू लागले.

डिसेंबर १९६२ मध्ये फ्लोरिडात पुन्हा तशीच थंडी पडली. कारखाने तयार, गिऱ्हाईक तयार, आणि फळ नाही. तेव्हा लोकांची नजर विषुववृत्ताच्या दक्षिणेकडे वळली. ब्राझीलमधील साओ पावलो प्रांतात जुन्या कॉफीच्या जमिनी होत्या, हवा उबदार होती, आणि तेथला हंगाम उत्तरेच्या उलट येत होता. १९६३ साली मटाव या गावी रस आटविण्याचा कारखाना उभा राहिला, आणि त्याच्यामागोमाग दुसरे आले. १९८१ ते १९८९ या काळात फ्लोरिडात एकामागून एक थंड्या पडल्या, आणि प्रत्येक थंडीबरोबर ब्राझीलचा धंदा वाढला. पूर्वी रस पिंपांत भरून जाई. मग सबंध जहाजच टाकीचे बनविले गेले. सांतुस बंदरात ते भरायचे आणि रॉटरडॅमला किंवा गेंटला रिकामे करायचे, खनिज तेलासारखे. आज जगाच्या बाजारात देशाबाहेर विकल्या जाणाऱ्या संत्रारसाच्या चार पेल्यांपैकी जवळजवळ तीन पेले ब्राझीलचे असतात. स्वतः ब्राझीलचा माणूस आपल्या कारखान्यांतला हा रस जवळजवळ पीत नाही. तो ताजी संत्री पिळून पितो. कारखाने चालतात ते परक्याच्या न्याहारीसाठी.

आता आपल्या कसोटीकडे वळू. निर्यातीचा आकडा पाहिला तर ब्राझीलएवढा समर्थ देश नाही. पण रस विकत घेणारे मुख्यतः दोनच, युरोप आणि अमेरिका. आणि विकणाऱ्या मोठ्या कंपन्या तीन. साओ पावलोतील हजारो लहान बागाइतदारांना आपले फळ या तिघींपैकी एकीला द्यावे लागते, कारण पेट्या भरून दुसरीकडे न्यावयास वेळ नाही. या कंपन्यांनी आपसांत संगनमत करून फळाचा भाव पाडला, या तक्रारीवर ब्राझीलच्या स्पर्धा आयोगाकडे १९९९ पासून चौकशी चालली. अखेर २०१६ साली तडजोड झाली आणि संबंधितांनी सुमारे ३० कोटी रेआल भरण्याचे मान्य केले. सतरा वर्षे! या सतरा वर्षांत किती लहान बागाइतदारांनी झाडे उपटून ऊस लावला असेल, त्याचा हिशोब तडजोडीच्या कागदात येत नाही.

बागाइतदाराची ही दशा, तर तोडणाऱ्याची कशी असेल? तेथे या मजुरांना 'बोया-फ्रिया' म्हणतात. अर्थ असा, की थंड जेवणाची माणसे. पहाटे घरून निघायचे, डब्यातला भात बागेत थंडच खायचा, आणि मजुरी पेटीमागे. १९८४ च्या मे महिन्यात त्याच प्रांतातील ग्वारिबा गावी ऊसतोड कामगारांनी बंड केले, कारण एकेका माणसाने पाच ओळींऐवजी सात ओळी तोडाव्यात अशी सक्ती झाली होती. गोळीबार झाला, माणूस मेला. लगेच बेबेदोरो गावच्या संत्री तोडणाऱ्यांनीही काम बंद केले. हंगाम तोंडावर, कारखाने रसाची वाट पाहत असलेले. आम्ही गोदामाचे जे गणित सांगितले ते या वेळी मजुरांच्या बाजूने होते, आणि त्यांना करार मिळाला. ऊस-संत्र्याच्या मजुराला लेखी करार मिळणे ही त्या प्रांतात लहान गोष्ट नव्हती. पण दहा वर्षांनी, १९९४ च्या एका कायद्यातील पळवाटीने, मुकादमांनी मजुरांच्या नावावर नकली 'सहकारी संस्था' काढल्या. कागदोपत्री मजूर त्या संस्थेचा भागीदार; म्हणजे कोणाचा नोकर नाही, म्हणजे रजा नाही, भरपाई नाही. आमच्या महाराष्ट्रात कंत्राटी पद्धतीची नाना रूपे पाहिलेल्या माणसाला यात काही नवे वाटणार नाही. सहकार या शब्दाचा असा उपयोग ऐकून मात्र आम्हाला त्रास झाला. त्या संस्था मोडून काढण्यासाठी तेथल्या संघटनांना कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या.

फ्लोरिडातही चित्र फार वेगळे नव्हते. १९६० च्या नोव्हेंबरात अमेरिकन दूरचित्रवाणीने तेथल्या शेतमजुरांच्या हलाखीवर एक माहितीपट दाखविला आणि देश हळहळला. १९७२ साली संयुक्त शेतमजूर संघटनेने कोका-कोला कंपनीशी तिच्या संत्रीबागांतील मजुरांसाठी करार केला. एवढ्या मोठ्या नावाच्या कंपनीला आपल्या डब्यावरचे नाव सांभाळायचे होते, म्हणून तो झाला. आज फ्लोरिडात फळ तोडतात ते बहुतेक मेक्सिकोहून हंगामी परवान्यावर आणलेले मजूर. परवाना एका मालकाच्या नावाचा असतो. ती नोकरी सोडली की त्या देशात राहण्याचा हक्क गेला. म्हणजे अमेरिका केवळ रस आयात करीत नाही, हातही आयात करते. हे आकडे मात्र आयात-निर्यातीच्या तक्त्यात छापीत नाहीत.

मग आला रोग. चिनी भाषेत त्याचे नाव हुआंगलाँगबिंग. आमच्या विदर्भातील बागाइतदार त्याला ग्रीनिंग म्हणून ओळखतो आणि तो पसरविणाऱ्या किड्याला 'सायला' म्हणतो. पान पिवळे पडते, फळ वाकडे आणि कडवट होते, आणि झाड काही वर्षांत वाळते, औषध नाही. ब्राझीलमध्ये तो २००४ साली सापडला, फ्लोरिडात २००५ साली. ब्राझीलने रोगट झाडे निर्दयपणे उपटली आणि बागा नव्या भागात हलविल्या. फ्लोरिडाला ते जमले नाही. वर २०१७ आणि २०२२ सालची चक्रीवादळे. २००३-०४ च्या हंगामात फ्लोरिडात २४ कोटी २० लाख पेट्या संत्री निघाली होती. पेटी म्हणजे सुमारे ४१ किलो. २०२४-२५ च्या हंगामात १ कोटी २० लाखांच्या आसपास निघाली. वीस हिश्श्यांतला एक हिस्सा उरला. जो देश स्वतःच्या रसासाठी परदेशी रसावर भरमसाट जकात लावीत होता, टनामागे सुमारे ४१५ डॉलर, आणि ब्राझील स्वस्त माल लोटतो म्हणून वर आणखी कर बसवीत होता, त्याच देशात आज विकल्या जाणाऱ्या रसापैकी निम्म्याहून अधिक ब्राझीलचा असतो. तो वरचा कर ज्या हिशोबाने काढला होता तो हिशोबच २०११ साली जागतिक व्यापार संघटनेने चुकीचा ठरविला, आणि पुढच्या वर्षी कर उठला.

ब्राझीललाही हा रोग सोडीत नव्हता. २०२४ मध्ये तेथल्या मुख्य पट्ट्यातील शंभरातली चव्वेचाळीस झाडे रोगाच्या खुणा दाखवीत होती. त्यात दुष्काळ आणि उष्मा. पीक तीस वर्षांत आले नव्हते इतके कमी आले, आणि २०२४ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात रसाचा भाव पौंडाला पाच डॉलरांवर गेला. तेव्हा असे वाटले की आता विकणाऱ्याचा दिवस उगवला. ज्या बागाइतदाराजवळ करारात न अडकलेले फळ होते त्याला खरोखर चांगला भाव मिळाला. पण काही महिन्यांतच भाव निम्म्यावर आला. काय घडले? पिणाऱ्याने थांबून दाखविले. डॉक्टर रसातील साखरेविषयी बोलतच होते, त्यात डबा महाग झाला; युरोप-अमेरिकेतील कुटुंबाने पेला बाजूला ठेवला किंवा दुसरा रस घेतला. संत्रारस म्हणजे काही मीठ नव्हे.

आणि तरी २०२५ च्या जुलै महिन्यात उलटेही दिसले. अमेरिकेच्या अध्यक्षांनी राजकीय कारणावरून ब्राझीलच्या मालावर एकूण पन्नास टक्के जकात जाहीर केली. ब्राझीलच्या रसाचे सुमारे पाचांतील दोन हिस्से अमेरिकेत जातात. साओ पावलोत घबराट उडाली. पण प्रत्यक्ष हुकूम निघाला तेव्हा नव्या चाळीस टक्क्यांतून वगळलेल्या वस्तूंच्या यादीत संत्र्याचा रस होता. कॉफी त्या वेळी सुटली नाही, मांस सुटले नाही, रस सुटला. एक कुटुंब पेला बाजूला ठेवू शकते. पण रस भरणारे कारखाने, डबे वाहणाऱ्या गाड्या आणि दुकानांची फळी बंद ठेवणे सबंध देशाला परवडले नसते. फ्लोरिडाच्या बागा वाळल्या होत्या आणि शीतगृहे भरलेली नव्हती. ज्याच्या गोदामात माल नाही त्याने ताठ बोलू नये, हे महासत्तेलाही लागू पडले.

आता आपल्या घराकडे पाहू, कारण आमचा हा सारा अभ्यास सुरू झाला तो अमेरिकेमुळे नव्हे, वरुड-मोर्शी-काटोलकडच्या गाड्यांमुळे. भारतात संत्री-मोसंबी-लिंबू यांचे पीक प्रचंड, आणि निर्यात त्या मानाने नगण्य. बहुतेक फळ आपण खाऊन टाकतो. हे एका परीने बळच आहे. पण नागपुरी संत्र्याची जी काही निर्यात होते ती मुख्यतः एकाच दाराने, पेट्रापोलच्या नाक्यावरून बांगलादेशात. त्या देशाने २०१९ नंतर या फळावरची जकात दरवर्षी चढवीत नेली आणि २०२३ अखेर ती किलोमागे ८८ टक्यांवर आली. आमच्या सरकारने कांद्याची निर्यात बंद केली त्याचा हा राग, असे बागाइतदारांत बोलले जाते. राग असो वा परकीय चलनाची टंचाई असो, कसोटी तीच. कांदा बंद झाला तेव्हा ढाक्याची गृहिणी थांबू शकली नाही. संत्रे महागले तेव्हा ती सहज थांबली. थांबू शकला नाही तो वरुडचा बागाइतदार, कारण आंबिया बहाराचे फळ ऑक्टोबरपासून उतरू लागते आणि सुटी साल फार दिवस दम धरीत नाही. राज्य सरकारने जकातीचा निम्मा भार उचलण्याची घोषणा केली. म्हणजे आपल्या तिजोरीतून परक्या देशाची जकात भरायची, असाच त्याचा अर्थ. तरी बुडत्याला ती काडी हवीच होती, आम्ही तिला नावे ठेवीत नाही.

कोणी विचारील, आपणही रस का आटवीत नाही? नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला तर काही वेळाने कडवट होतो, हा त्या फळाच्या अंगचाच गुण आहे. बियाही पुष्कळ. कडूपणा काढण्याची यंत्रे आहेत, पण यंत्र वर्षभर चालले तर परवडते आणि आपले बहार दोनच. त्यावर काम चालू आहे आणि ते व्हावेही. पण ते भांडे आणि ते शीतगृह कोणाच्या मालकीचे असेल, बागाइतदारांच्या खऱ्या सोसायटीच्या की दुसऱ्या कोणाच्या, हे पहिली वीट बसण्यापूर्वी विचारले गेले पाहिजे. मटावला ते कोणी विचारले नव्हते.

दरम्यान आयातही येतेच आहे. इजिप्तची, दक्षिण आफ्रिकेची, ऑस्ट्रेलियाची संत्री आपल्या मोठ्या शहरांत मिळतात. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या कराराप्रमाणे डिसेंबर २०२२ पासून वर्षाला १३,७०० टनांपर्यंत संत्री निम्म्या जकातीत येऊ शकतात. ती आपला बहार नसताना येतात, म्हणून आजतरी झुंज थेट नाही. आम्ही ज्या हमालांत काम करतो त्यांना आम्ही या दोन मालांविषयी विचारले. ते म्हणाले, बाहेरची पेटी पुठ्ठ्याची, सारख्या वजनाची, थंड गाडीतून येते. गाडी उद्या उतरविली तरी चालते, म्हणून व्यापारी मजुरीची घासाघीस करीत बसतो. नागपूरची गाडी आली की रात्री दोनलाही फोन येतो.